गाठीचं घराणं

जेवणघराच्या खिडकीला कपड्यांच्या चिमट्यांनी एक्स-रे टांगलेले पाहून आत्याने पहिला प्रश्न विचारला, "कोणाचा पाय मोडला?" तिला खरं तर सगळं ठाऊक होतं. आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना, "कुत्र्यांना जरा फिरवून आणते," असं सांगून सगळ्यांना गाडीत कोंबून डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. मखमलने मागच्या सीटवर जे करून ठेवलं, तेही तिनेच पुसलं होतं. पण कारस्थान करायचं आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड होती. लग्न होऊन सासरी गेल्यावरही ती सुटली नव्हती.

"आत्या, नाटक पुरे," खुर्चीवर उभी राहून शेवटचा चिमटा लावत डॉक्टर म्हणाली. "आप्पा आले की तू माझ्या बाजूने बोलायचंस. ठरलंय आपलं."

"बोलणार ना. आधी तू सुरू कर. मी मागून येते."

डॉक्टर म्हणजे आत्याची भाची, आप्पांच्या थोरल्या मुलाची मुलगी. जनावरांची डॉक्टर झाल्यापासून घरात तिला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. सुरुवातीला त्यात कौतुक होतं, मग सवय झाली, आणि गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा "गाठ हा दोष आहे" असं म्हणाली तेव्हापासून आप्पा तो शब्द दात खाऊन उच्चारायला लागले होते.

या घरात गाठीला दोष म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला चोर म्हणण्यासारखं होतं. आप्पांच्या वडिलांनी पाळलेल्या पहिल्या कुत्र्याच्या शेपटीला टोकाशी एक पीळ होता, वाकलेल्या बोटासारखा. तो कुत्रा देखणा होता, शहाणा होता, आणि त्याचे गुण त्याच्या गाठीत आहेत असं वडिलांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं. तेव्हापासून प्रत्येक वेतातली पिल्लं जरा मोठी झाली की घरातला सर्वांत वडील माणूस अंगणात स्टुलावर बसायचा, डोळे मिटायचा आणि एकेका पिल्लाची शेपटी टोकापासून मुळापर्यंत चिमटीत धरून चाचपायचा. गाठ लागली की "आपलं". नाही लागली की "मोकळं". आपलं घरात राहायचं, त्याला पुढे पिल्लं व्हायची. मोकळं जो पहिला मागेल त्याला फुकट मिळायचं. त्यामुळे बेकरीवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांकडे या घरची मोकळी कुत्री होती. ती म्हातारी होईपर्यंत गाड्यांच्या मागे धावायची, आणि तिकडे बघून आप्पा म्हणायचे, "बिचारी साधीच निघाली."

कुत्र्याच्या शेपटीवरची जी म्हण शाळेतल्या पोरांनाही पाठ असते, ती या घरात उच्चारायला बंदी होती. आत्याच्या नवऱ्याने ती लग्न ठरण्याआधी पहिल्याच भेटीत उच्चारली होती. तो आजही आला नव्हता.

आणि आजचा दिवस तर मोठाच होता. मखमल माजावर आली होती. दुपारी तिची जोड कप्तानशी लावायची होती. मखमल कप्तानची सख्खी भाची, दोघांच्याही शेपटीला अशी गाठ की आंधळ्यालाही सापडावी. श्वानमंडळाचे अध्यक्ष स्वतः यायचे होते. या घरच्या कुत्र्यांना वेगळी जात म्हणून मान्यता द्यायचं मंडळाने अखेर ठरवलं होतं आणि जातीची खूण म्हणून गाठीचं नाव लागणार होतं. वडिलांनी ज्याची वाट पाहत डोळे मिटले, ते आप्पांच्या हयातीत होत होतं. दोन रात्री त्यांना आनंदाने झोप लागली नव्हती.

ते आत आले तेव्हा ऑपरेशनचा काळा चष्मा त्यांच्या नाकावर होता. खिडकीपाशी येऊन त्यांनी चष्मा वर सरकवला, एक्स-रेला नाक लावलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"हा कप्तान," ते म्हणाले. "काय गाठ आहे बघा. ही मखमल. अगं, इकडे ये, बघ तरी. फोटो कोणी काढले?"

माई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी एकदा खिडकीकडे आणि एकदा नातीकडे बघितलं, आणि आजचं जेवण काही कोणाच्या अंगी लागायचं नाही हे ओळखलं.

"आप्पा, हे फोटो नाहीत," डॉक्टर म्हणाली.

"दिसतायत तर. मधला फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावा. अध्यक्षांना आवडेल."

"गाठीकडे नका बघू. वर बघा, पाठीत. मणके एकावर एक सरळ बसायला हवेत. इथे हा मणका अर्धाच आहे, पाचरीसारखा. त्यामुळे वरचा कलंडलाय. मखमलच्या पाठीत असे दोन आहेत."

आप्पांनी चष्मा खाली ओढला.

"कुत्रं हललं असेल," ते म्हणाले.

थोरला टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होता. त्याच तुकड्याला तो तिसऱ्यांदा लोणी लावत होता, पण ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आप्पा आणि मुलगी समोरासमोर आले की आपण काहीतरी खात असावं, म्हणजे बोलावं लागत नाही, असा त्याचा अनुभव होता. त्याची बायको त्याच्याहून शहाणी. घरात जोड लावायची असली की ती बरोबर त्याच दिवशी बहिणीकडे जायची.

"बाबा, तुम्ही तरी सांगा," डॉक्टर म्हणाली.

थोरल्याने घास तोंडात कोंबला आणि हाताने खूण केली की बोलता येत नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि नाना आले. नाना म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि दर रविवारी इथेच जेवायचे, पण भावाशी बोलायचे नाहीत. तरुणपणी एका वेताच्या वेळी त्यांनी भर अंगणात, "गाठीला काय चाटायचंय?" असं विचारलं होतं आणि एक मोकळी कुत्री उचलून घर सोडलं होतं. तेव्हापासून त्यांच्याकडे सरळ शेपटीची कुत्री होती आणि त्यांचा त्यांना अतोनात अभिमान होता. आज त्यांच्याबरोबर पैलवान नावाचा दांडगा कुत्रा आणि चिमणी नावाची तरुण कुत्री होती. दोघांची शेपटी छडीसारखी ताठ होती आणि नानांची मानही.

"वहिनी," खुर्चीत बसत नाना म्हणाले, "खिडकीला वाळत घातलंय ते काय आहे, असं यांना विचारा."

"त्याला सांग, त्याच्या कामाचं नाही," आप्पा माईंना म्हणाले.

दोघांमध्ये एक हात अंतर होतं. निरोप पोचवण्याचं काम माईंनी फार वर्षांपूर्वी सोडलं होतं. दोघं नुसतं त्यांच्या दिशेने तोंड करून बोलायचे आणि तेवढ्यावर भागायचं. त्यांनी बटाट्यांचं भांडं मधोमध ठेवलं.

"मी सगळ्यांसमोर एकदाच सांगते," डॉक्टर म्हणाली. ती उभीच होती. "शेपटी म्हणजे पाठीच्या कण्याचंच टोक. गाठ म्हणजे तिथले मणके वेडेवाकडे झालेले. वाकड्या शेपटीचं प्रत्येक कुत्रं आजारी असतं असं नाही. टोकाशीच असेल तर ते आयुष्यभर मजेत राहतं. पण आपण काय केलं? गाठवाल्याला गाठवाली, तिच्या पिल्लाला त्याचाच मामा. प्रत्येक पिढीत वाकडं निवडलं, सरळ वाटून टाकलं. ती गाठ आता शेपटीत मावत नाही, आप्पा. ती वर चढलीय. आजची जोड लावली तर पिल्लं कशी होतील ते मागच्या वेतात बघितलंय आपण."

मागच्या वेतातलं एक पिल्लू स्वयंपाकघरात टोपलीत होतं. त्याला शेपटी जवळजवळ नव्हतीच, आणि मागचे पाय ओढत ते फरशीवरून फिरायचं. माईंनी त्याचं नाव बटण ठेवलं होतं.

"त्याला थंडी लागली," आप्पा म्हणाले.

"उन्हाळा होता," आत्या म्हणाली, आणि डॉक्टरने कृतज्ञतेने तिच्याकडे पाहिलं. पण आप्पांनीही तिच्याकडे पाहिलं. आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे कधीकधी उन्हाळ्यातही थंडी असते. आणि अध्यक्ष येणार म्हणून मी साडी नवीन घेतलीय. फोटोग्राफर आणणार आहेत ते. एवढं सगळं ठरल्यावर आज नको म्हणणं बरं दिसेल का? पुढच्या वेळेपासून बघू की."

"आत्या," डॉक्टर एवढंच म्हणाली.

"वहिनी, यांना सांगा," नाना खुशीत येऊन म्हणाले, "की हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

"त्याला सांग, त्याला तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं." आप्पांचा आवाज चढला. "आमच्या कुत्र्यांची चाल बघायला लोक लांबून येतात. मागून कशी डुलतात. कप्तान बसतो कसा, एक पाय बाहेर टाकून, राजासारखा. हे सगळं दोष, होय?"

"हो," डॉक्टर म्हणाली. "तो पाय त्याला आत घेता येत नाही, आप्पा."

मग थोरल्याने घास गिळला. तो गिळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मला फोन येतात," तो म्हणाला.

"कोणाचे?"

"पिल्लं नेलेल्यांचे." थोरला आपल्या ताटाशी बोलत होता. "त्या बँकेतल्या बाई आहेत ना, आधी फार खूश होत्या, कुत्रं सोफ्यावर चढत नाही म्हणून. आता ते उभंच राहत नाही. ते ड्रॉइंगचे मास्तर त्यांच्या कुत्र्याला उचलून जिना चढवतात. मास्तरांची स्वतःची कंबर गेली. मी सगळ्यांना सांगतो, आमच्या कुत्र्यांचा डौलच तसा, हाडं भरायला वेळ लागतो. परवा एका मुलीने विचारलं, किती वेळ? मी फोन कट केला, आणि मग तासभर गोठ्यात, म्हणजे आपलं, कुत्र्यांच्या खोलीत बसून राहिलो. मला आता ते फोन घ्यायचे नाहीत, आप्पा."

एवढं तो गेल्या वर्षभरात मिळून बोलला नसेल. डॉक्टरला एकदम बापाच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी, इतके दिवस गप्प बसला म्हणून, त्याला बदडून काढावंसंही वाटलं.

आप्पा ताट सरकवून उठले.

"तुझं मशीन काय सांगतं ते तुझ्यापाशी," ते नातीला म्हणाले. "माझी बोटं मशीनच्या आधीची आहेत. स्टूल आणा. कप्तानला आणा."

सगळी वरात अंगणात गेली. जेवण अर्धवट राहिलं ते कायमचंच. थोरल्याने स्टूल ठेवलं, आत्याने कप्तानला आणलं. कप्तान आपल्या प्रसिद्ध चालीने डुलत आला आणि पाय बाहेर टाकून बसला. आज पहिल्यांदाच त्याच्या बसण्याकडे सगळ्यांनी नजर चोरून बघितलं.

आप्पांनी चष्मा काढून आत्याकडे दिला, कप्तानला उभं केलं आणि डोळे मिटले. त्यांची चिमटी शेपटीच्या टोकाला लागली तेव्हा डॉक्टरसुद्धा बघत राहिली. म्हाताऱ्याची बोटं खरोखर बघण्यासारखी होती. इतर वेळी शर्टाचं बटण लावताना ती थरथरायची. शेपटीवर ती जराही हलत नव्हती. गाठीपाशी ती क्षणभर रेंगाळली, मग केसांखालून एकेक मणका मोजत वर सरकत गेली, मुळाशी आली आणि थांबली.

"झालं," आप्पा म्हणाले. "काही नाही."

"पुढे," डॉक्टर म्हणाली.

"पुढे काय? पुढे कुत्रं आहे."

"तेच तपासायचंय. थांबू नका. तशीच बोटं वर न्या."

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. वडिलांनी शिकवलं तेव्हा ते लहान होते. वडिलांनी त्यांच्या अंगठ्यावर आपला जाड अंगठा ठेवला होता आणि मुळाशी आल्यावर तो उचलला होता. इथपर्यंत, म्हणाले होते. का, ते आप्पांनी कधी विचारलं नव्हतं. आता ते बोट पुढे टाकायचं म्हणजे वडिलांसमोर पाय पसरून बसल्यासारखं त्यांना वाटत होतं. पण सगळे बघत होते, नाना तर कमरेवर हात ठेवून बघत होते, आणि त्यांच्यासमोर माघार घेणं आप्पांना मरणाहून अवघड होतं. त्यांनी बोटं कमरेवर नेली. मग पाठीवर.

पाठीच्या मध्यावर बोटं थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली आणि त्याच जागी थांबली. आप्पांनी तिथे अगदी हलकेच दाबलं, तेव्हा कप्तानने मान वळवून त्यांचं मनगट दातांत धरलं. चावला नाही, नुसतं धरून ठेवलं.

"इथे बुडालंय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आणि त्याच्या पुढचा वर आलाय. पायरीसारखा."

"हो," डॉक्टर म्हणाली. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला रडू येत होतं.

"दुखतं का याला?"

"रोज."

आप्पांनी मनगट सोडवून घेतलं नाही. किती वर्षं हा असा हात धरायचा आणि आपण सगळ्यांना सांगायचो, बघा, मला सोडतच नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचा राग आला. वडील गेल्यानंतर इतक्या वर्षांनी आलेला राग कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

नानांना ते बघून वाईट वाटलं असावं. पण आनंदही झालाच होता आणि तो आवरण्याइतके ते मोठे नव्हते.

"वहिनी, यांना म्हणावं, हात लावायचाच असेल तर चांगल्या कुत्र्याला लावून बघा. पैलवान, चल. उभा राहा."

पैलवान उभा राहिला. आप्पांनी पुन्हा डोळे मिटले. ताठ, निर्मळ शेपटी बोटांखालून गेली. मूळ गेलं, कंबर गेली, पाठ गेली. नाना हसत होते. खांद्यांच्या जरा मागे बोटं थबकली.

"हे काय आहे?" आप्पा म्हणाले.

डॉक्टरने घसा साफ केला. "नाना, ते मी तुम्हाला जेवणानंतर एकटं गाठून सांगणार होते."

"काय सांगणार होतीस?"

"आत्याने कुत्र्यांना फिरवायला म्हणून नेलं, त्यात तुमची दोन्हीही होती. पैलवानच्या पाठीतही एक मणका तसाच आहे. अजून त्रास नाही त्याला. पण पिल्लं नकोत."

"शेपटी सरळ आहे त्याची," नाना म्हणाले.

"शेपटी सरळ म्हणजे कणा सरळच, असं नसतं. तुम्ही उचलून नेलेली कुत्री याच घरची ना? घरच्या रक्तात जे होतं ते तीही घेऊन गेली. नुसतं बाहेरून दिसत नव्हतं. म्हणून तर म्हणते, शेपटी बघून काही ठरवू नका, ना इकडची ना तिकडची. सगळ्यांचा एक्स-रे काढायचा आणि मगच जोड लावायची."

नानांची मान खाली आली. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर भावावर रुसले, ते कारण कोणीतरी बसल्या बसल्या काढून घेतलं होतं. त्यांनी पैलवानकडे बघितलं. पैलवानने शेपटी हलवली.

"मशीन बिघडलेलं असणार," नाना म्हणाले.

"असणारच," आप्पा म्हणाले.

"नवीन आहे का जुनं?"

"मला काय माहीत? तू विचार तिला."

"तूच विचार. नात तुझी आहे."

"माझं ऐकते का ती? सकाळपासून बघतोयस ना."

"आमच्या वेळी कुत्र्यांना कणा होता, तो बघायला मशीन लागत नव्हतं."

"तेच तर म्हणतोय मी."

दोघे म्हातारे खांद्याला खांदा लावून नातीकडे रागाने बघत होते. आपण काय करतोय ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आत्याने काही बोलायला तोंड उघडलं, तेव्हा थोरल्याने तिचा दंड इतक्या जोरात दाबला की नव्या साडीचा काठ चुरगळला. स्वयंपाकघराच्या दारात माई उभ्या होत्या. त्यांच्या हातात टोपली होती. त्यांना हे दोन आवाज असे एकमेकांना लागून ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं, आणि त्यांनी त्या दोघांना आणखी थोडं भांडू दिलं. मग त्या पायऱ्या उतरल्या आणि टोपली दोघांच्या पायांपाशी ठेवली. बटण बाहेर आलं आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत कप्तानच्या दिशेने निघालं.

"मशीन जाऊ द्या," माई म्हणाल्या. "मी सांगते. प्रत्येक वेतात असं एक तरी असायचं. मामंजी टोपलीत घालून न्यायचे. नदीपलीकडे सोडून आलो म्हणायचे. मग ते गेल्यावर तुम्ही न्यायला लागलात."

"अगं, ते..."

"नदीपलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. हे मी नेऊ दिलं नाही, एवढंच. यापुढे टोपली भरायला नको. तेवढं करा."

त्या वर बघून बोलत नव्हत्या आणि आवाजही चढला नव्हता. पण या घरात माईंनी शेवटचं कधी काही मागितलं होतं, ते कोणालाच आठवेना. आप्पा स्टुलावर बसले. नाना कोणी न सांगता त्यांच्या शेजारी जमिनीवर टेकले आणि बटणला उचलून मांडीवर घेतलं.

"मग आता काय उरलं आमचं?" आप्पांनी विचारलं. तो प्रश्न टोमणा मारायला नव्हता. तो खराच प्रश्न होता, म्हणून डॉक्टर त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"कप्तान, मखमल, पैलवान यांना पिल्लं नाहीत. ते मजेत जगतील, मी औषधं देते. चिमणीचा कणा स्वच्छ आहे, मी दोनदा बघितला. तिच्यासाठी दूरच्या रक्ताचा कुत्रा शोधायचा, आधी त्याचा एक्स-रे काढायचा. नाही मिळाला तर थांबायचं. आणि बाबा, ज्यांनी ज्यांनी पिल्लं नेली त्यांना आपण फोन करायचे. मी तपासते सगळी. बोलायचं मी, नंबर तुम्ही लावा."

"मी बोलतो," थोरला म्हणाला. "मलाच बोलायला हवं."

"म्हणजे घराणं नानाच्या कुत्रीवर चालणार," आप्पा म्हणाले.

"माझी कुत्री तुझ्याच कुत्रीची खापरपणती आहे," नाना म्हणाले. "पण मिरवू नकोस."

बाहेर गाडी थांबली. अध्यक्षांची होती. आत्याने पटकन पदर सारखा केला आणि पुन्हा बाजू बदलली.

"मी सांगते काय करायचं. मखमल आज तयार नाही, म्हणायचं. मूड नाही तिचा. खिडकीतलं ते सगळं मी काढते. सही तेवढी करून घ्या, आप्पा. एकदा जातीत नाव लागलं की मग गाठ काढा नाहीतर ठेवा, कोण विचारतंय?"

वाईट सल्ला नव्हता. थोरल्याच्याही मनात तेच होतं, आणि खरं सांगायचं तर नानांच्याही. सगळे आप्पांकडे बघत राहिले. डॉक्टरला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. आता हा माणूस तिच्या हातात नव्हता.

अध्यक्ष आत आले. मोठा रुबाबदार माणूस, मागे फोटोग्राफर. हातात जातीच्या वर्णनाचा कागद होता आणि सहीसाठी पेन उघडून तयार ठेवलेलं होतं.

"या दिवसाची आम्हीसुद्धा वाट बघत होतो, आप्पासाहेब," ते म्हणाले. "रंग, उंची, कानांची ठेवण, सगळं बसवलंय. शेवटच्या ओळीत गाठ. तुमच्या वडिलांचं नाव घालायचा ठराव मांडलाय मी. मखमलची तयारी झाली का?"

वडिलांचं नाव ऐकून आप्पांचा हात एकदा पेनाकडे गेला. तो सगळ्यांनी पाहिला. मग तो तसाच खाली, कप्तानच्या पाठीवर, त्या बुडालेल्या जागेच्या अलीकडे आला आणि तिथे राहिला.

"जोड नाही लावायची," आप्पा म्हणाले. "आणि गाठ खोडा त्यातून."

"खोडा म्हणजे?"

"गाठ हा दोष आहे. माझी नात डॉक्टर आहे." तो शब्द त्यांनी या वेळी स्वच्छ उच्चारला. "मी आयुष्यभर दोष निवडत होतो. दुसऱ्या कोणी निवडू नये. तुमच्या कागदावर लिहिलंत तर सगळेच निवडतील."

फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला. अध्यक्षांना राग यायला हवा होता, पण त्यांच्या स्वतःच्या घरी याच घरातून नेलेला कुत्रा होता आणि हल्ली तो गाडीत उडी मारेनासा झाला होता. तो डौल आहे, असं त्यांना फोनवर सांगण्यात आलं होतं. थोरला एकदम चपलेत काहीतरी शोधायला लागला.

"अहो, पण मग ओळ रिकामी राहते," अध्यक्ष अखेर म्हणाले. "जातीला काहीतरी खूण लागतेच. गाठ नाही तर काय लिहू?"

आप्पांनी विचार केला. त्यांनी बटणकडे बघितलं, मग चिमणीकडे. ती अध्यक्षांच्या गाडीचं चाक हुंगून परत येत होती, काही विशेष न करता, चार पायांवर.

"लिहा," ते म्हणाले, "मागचे पाय शेवटपर्यंत चालतात."

"हे प्रदर्शनात तपासायचं कसं? परीक्षकाला एका कुत्र्यामागे दोन मिनिटं मिळतात."

"दोन मिनिटांत नाही कळायचं. कुत्रं म्हातारं व्हावं लागतं. दहा-बारा वर्षांनी या."

"तोवर तुम्ही..." अध्यक्ष अर्ध्यावर थांबले आणि ओशाळले.

"मी नसेन," आप्पा म्हणाले. "कुत्रं असेल. त्यालाच चालवून बघा."